जुनं कॅलेंडर उतरवताना: वर्षभर आपण नेमकं काय खाल्लं?

तापीकाठ | 1 जानेवारी, रात्री 9.12

राम राम मंडळी.

दर 1 जानेवारीला आमच्या घरी माझ्याकडे एकच काम असतं. स्वयंपाकघरातलं जुनं कॅलेंडर उतरवायचं, नवं टांगायचं आणि जुन्याची पानं डब्यांखाली अंथरायला कापून द्यायची. यंदा कात्री घेऊन बसलो आणि कापायचं राहूनच गेलं.

कारण त्या पानांवर आमच्या सौ.ची एक लिपी आहे. 'दू.' म्हणजे दुधाचा खाडा, 'गॅ.' म्हणजे सिलिंडर लावलं, 'ते.' म्हणजे तेलाचा नवा डबा फोडला, 'सा.' साखर, आणि 'द.' म्हणजे दळण. दळणापुढे आकडे: ग 10, ज्वा 3, क 2. तीस वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर टांगलेलं असतं आणि मी त्यात फक्त एकादशी आणि सुट्ट्या बघत आलो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. अमळनेरला माझं हार्डवेअरचं दुकान आहे, वय 51. घरात आम्ही पाच: माय, आम्ही दोघं, मुलगा, मुलगी. नोव्हेंबरात एका शिबिरात रक्त तपासलं तर एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा) 6.1 निघालं. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर आहात. मी छातीठोक सांगितलं, "डॉक्टर, आमचं खाणं साधं हो. भाकर, भाजी, रात्री खिचडी. बाहेरचं कधीतरीच." ते नुसते हसले.

तर आज हिशेब मांडला. 15 किलोचे डबे फुटले ते असे: 9 जानेवारी, 24 मार्च, 2 जून, 17 ऑगस्ट, 18 ऑक्टोबर. पाच डबे, 75 किलो. माणसं पाच. म्हणजे माणशी रोज 41 ग्रॅम तेल. साखर महिन्याला 5 किलो, म्हणजे माणशी रोज 33 ग्रॅम, आणि घरात गोडधोड तर "सणावारालाच" होतं म्हणे.

दळणाची बेरीज केली तेव्हा अजूनच गंमत. गहू 232 किलो, ज्वारी 64, बाजरी 22, कळणा (ज्वारीत उडीद घालून केलेलं दळण) 20. तो कळणाही सगळा डिसेंबर ते फेब्रुवारीतला. मी मात्र दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतो, आम्ही बुवा भाकरीची माणसं.

"बाहेरचं कधीतरीच" याचा निकाल मुलाने लावला. माझ्या फोनमध्ये यूपीआयचा इतिहास उघडला, स्टँडजवळच्या कचोरीवाल्याचं नाव शोधात टाकलं आणि मोजून सांगितलं: 141 वेळा. कधी 20 रुपये, कधी 40. दुकान वर्षाला धरा तीनशे दिवस उघडं असतं.

नवीन वर्षाचा संकल्प वगैरे मी करत नाही, केलेला टिकत नाही. पण तुम्ही कधी असा हिशेब मांडलाय का? आणि मांडलात तर काय निघालं? खरं लिहा, इथे कोणी कोणाला ओळखत नाही.

पांझरा_गडी | 1 जानेवारी, रात्री 9.40

भाऊ, बठ्ठं खरं शे. पन खिचडीवर तेल नही टाकं त ती खिचडी कशी? मन्ही माय आजून बी म्हणस, तेल बिगर खिचडी म्हंजे आजारी मानूसनं जेवन.

(बाकीच्यांसाठी: धुळ्याकडे रात्रीच्या तूरडाळीच्या खिचडीवर वाढताना वरून तेल घेतात. कोणी कच्चं, कोणी लसूण-मिरचीची फोडणी करून. सोबत भाजलेला पापड, लोणचं, कांदा. पळीभर असतं हो ते, चमचाभर नाही.)

वाचनमात्र | 1 जानेवारी, रात्री 9.58

41 ग्रॅममध्ये नवरात्रातल्या अखंड दिव्याचं तेल धरलंय का? 😄

तापीकाठ | 1 जानेवारी, रात्री 10.05

@वाचनमात्र, दिव्याला तिळाचं वेगळं आणतो. कॅलेंडरवर तेही आहे: 'दि.ते. 1'.

बडगी | 1 जानेवारी, रात्री 10.31

काय भो, मुहूर्त तरी बघायचा! आम्ही काल रात्री बामणोदच्या शिवारात भरीत हाणून आलोय, हातांचा धुराचा वास अजून गेला नाही आणि तुम्ही तेलाचे ग्रॅम मोजताय.

तरी कबूल करतो. आम्ही काल 22 माणसं, वांगी 14 किलो. हिरवी-पांढुरकी, हाताला हलकी लागणारी. वांगं जड लागलं तर समजायचं, आत बिया. कपाशीच्या काड्यांवर भाजली, सोलली, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, घालून मुसळीने ठेचली. मिरच्या, लसूण आधीच ठेचून घेतलेले. मग कढईत शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि... तेल. तेल घालायला गण्या बसला होता. गण्याचा हात म्हणजे पाटाचं पाणी. भरीत बाजूला केलं की परातीत तेलाचं तळं दिसत होतं, आणि ते तळं पुऱ्यांनी पुसून खायला रांग. होय, पुऱ्या. कळण्याच्या भाकरी करायला शेतात कोण बसणार?

वांग्यात काही दोष नाही. 2016 साली जळगावच्या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते वांग्याला मिळालं. गण्याच्या हाताला नाही.

हिंजवडीतला_जळगावकर | 1 जानेवारी, रात्री 11.15

बडगीदादा, इथे रात्री अकरा वाजता मी ओट्सचा वाडगा घेऊन बसलोय आणि तुम्ही हे लिहिताय. देव बघून घेईल तुम्हाला.

माझा हिशेब. एकटा राहतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये दुपार. रात्री आठवड्यातून दोनदा शेवभाजी मागवतो. ती इथली शेवभाजी म्हणजे टोमॅटोच्या लाल पाण्यात पोहणारी नायलॉन शेव. तरी मागवतो. त्यातून गाव मिळतं असं वाटतं, पहिल्या घासाला कळतं की नाही मिळत, आणि पुढच्या बुधवारी पुन्हा मागवतो. आईने पाठवलेले ज्वारीचे बिबडे आणि कळण्याचं पीठ कपाटात. पीठाला जाळं लागल्यावर टाकून दिलं, आईला सांगितलं संपलं. तिने लगेच अजून पाच किलो पाठवलं.

हे कोणत्याच कॅलेंडरवर नाही. म्हणून इथे लिहिलं.

पांझरा_गडी | 1 जानेवारी, रात्री 11.22

नायलॉन शेव???

भाजीची शेव जाड पाहिजे, लवंग घातलेली. आणि ताटात वाढताना रश्श्यावर टाकायची. आधी उकळत्या रश्श्यात टाकली की झाला लगदा.

बडगी | 1 जानेवारी, रात्री 11.25

साफ चूक. एक उकळी शेवेसकटच यायला हवी. नाहीतर रस्सा वेगळा आणि शेव वेगळी लागते.

(यानंतर शेव आधी की नंतर यावर 17 प्रतिसाद आले. ते शेवभाजीच्या जुन्या धाग्यात हलवले आहेत. इथे मूळ विषयावर लिहावे. — व्यवस्थापन)

रक्ताचा_नमुना | 2 जानेवारी, सकाळी 7.50

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. म्हणून औषध-उपचार सांगणार नाही, आकड्यांपुरतं बोलतो.

एचबीए1सी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, 6.5 आणि वर म्हणजे मधुमेह. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यांना चिकटलेली साखर मोजतात. म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा असतो, आदल्या रात्री पथ्य पाळून तो फसत नाही. लोक येतात ना, "काल काहीच गोड खाल्लं नाही, आज तपासा" म्हणत! उपाशीपोटीची साखर थोडीफार फसेल, हा आकडा नाही. मात्र अंगात रक्त कमी असेल तर हाच आकडा दिशाभूल करू शकतो, तेव्हा हिमोग्लोबिनसुद्धा सोबत बघा.

तेलाबद्दल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शिकेत 2000 कॅलरीच्या ताटाला वरून घालायचं तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलंय. तुमचं नुसतं तेल 41. एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे वरच्या 14 ग्रॅमचे रोज सव्वाशे. यात तूप, शेंगदाणे, कचोरी धरलेली नाही. साखरेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना 25 ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं असं सांगते.

पण तेलाने थेट साखर वाढते असं समजू नका. तेलाने आधी पोट वाढतं, पुढचं पोट बघून घेतं. तुमची अडचण मला तेलाच्या आकड्यापेक्षा दळणाच्या आकड्यात आणि दुकानातल्या खुर्चीत जास्त दिसते. तुमचे वडील काय करायचे?

तापीकाठ | 2 जानेवारी, सकाळी 8.20

वडील शेती करायचे. सकाळी दोन भाकरी, ठेचा, वर घाणीचं शेंगदाण्याचं तेल आणि खडे मीठ, फडक्यात बांधून शेतात. दुपारी परत तेच. 74 वर्षं जगले, साखरेचं नाव नाही. मी त्यांच्याइतकंच तेल खातो आणि गल्ल्यावर बसून तीन मीटर साखळी मोजून देतो.

दादर_पेरणारा | 2 जानेवारी, दुपारी 1.34

चोपडा तालुका, तापीची काळी जमीन. दळणाचा आकडा वाचला म्हणून लिहितो, नाहीतर मी इथे फक्त भाव बघायला येतो.

तुम्ही ज्वारी कमी खाता याचं कारण तुमच्या जिभेत शोधू नका. आमच्या शिवारात 20 वर्षांपूर्वी पावसाळा सरला की डोळा पोचेल तिथवर दादर पेरलेली असायची. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. पाणी द्यायचं नाही, काळ्या जमिनीतल्या ओलीवर पिकते. माणसाच्या डोक्यावर जाते, फेब्रुवारी-मार्चात कापणी. भाकर पांढरीशुभ्र, गोडसर, दुसऱ्या दिवशीही मऊ. आता तिथे हरभरा नाहीतर मका. कारण पाखरं राखायला माणूस नाही, कापायला मजूर नाही, आणि कणीस खुडायला जो येतो तो मजुरी सांगतो ती ऐकून आपणच खाली बसतो. कडब्यासाठी लोक पेरायचे, आता दावणीला बैलच नाहीत तर कडबा कोणाला?

मी एकरभर लावतो, हट्टाने. मागच्या साली नऊ पोती झाली. सात विकली, गव्हापेक्षा भाव बरा मिळाला. दोन घरात ठेवली. आता खरी गोष्ट ऐका. आमच्या घरात रेशनचा गहू-तांदूळ येतो, जानेवारी 2023 पासून तो फुकट आहे. घरची म्हणते, फुकटचा गहू डब्यात असताना विकायची ज्वारी कशाला दळता? तिचं काय चुकलं? तर दादर पिकवणारा मी, आणि आठवड्यातले पाच दिवस पोळ्या खातो. तुमच्यासारखी शहरातली माणसं माझी दादर विकत घेऊन, फोटो काढून भाकरी खातात.

2023 हे भरडधान्य वर्ष होतं तेव्हा पंचायत समितीत ज्वारीवर भाषणं झाली. नाश्त्याला उपमा होता. रव्याचा.

केळीवाला_रावेर | 2 जानेवारी, रात्री 8.03

दादरवाल्या भाऊंनी माझी लाज झाकली. आता मी सांगतो.

माझी साडेचार हजार खोडं केळी. घड कापला की कच्चाच ट्रकमध्ये, दिल्लीकडे. घरात केळ खाणारा एकही नाही. पोरं म्हणतात, वास येतो. बायको म्हणते, सर्दी होते. मी सावद्याच्या बाजारातून सफरचंद आणतो, 200 रुपये किलो, त्यावर स्टिकर असलेलं. बांधावर फण्या गळून पडलेल्या असतात, त्या बकऱ्या खातात. आमच्या बकऱ्यांची तब्येत बघा एकदा!

तुमचा धागा वाचून काल एक फणी घरात पिकायला ठेवली. चार दिवसांनी कळवतो.

सातपुडा_मास्तर | 2 जानेवारी, रात्री 10.47

मी मूळचा शहाद्याचा, अकरा वर्षं अक्राणी तालुक्यात पाड्यावरच्या शाळेवर आहे.

इथे आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात एका घरी जेवलो. मक्याची जाड भाकर, उडदाची आमटी, बाजूला मिरची-लसणाचा ठेचा. आमटीला फोडणी नावालाच होती. मला बेचव लागली. मी घरून डबाभर चिवडा आणि तेलातलं लोणचं नेलं होतं, ते काढून सोबत खाल्लं. त्या घरातली म्हातारी माझ्याकडे बघत होती. आज ते आठवलं की कसंतरी होतं.

आता मला तीच आमटी लागते. घरी शहाद्याला गेलो की दोन घासांत तेल जाणवतं. जीभ बदलते, मला तरी वर्षभर लागलं.

पण इथलं सगळं गोड आहे असं कोणी समजू नये. एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचून झाली, मेमध्ये आमचुरासाठी कैऱ्या चिरून वाळवल्या की हातात थोडा पैसा येतो, आणि त्या पैशातून पोरांच्या हातात पाच रुपयांच्या चकचकीत पुड्या येतात. रस्ता जिथवर गेला तिथवर त्या पुड्या गेल्या. शाळेच्या मागच्या ओहोळात मी रिकाम्या पुड्या गोळा करायला पोरांना लावलं. एक गोणी भरली. मग एका पोराने विचारलं, "सर, तुमच्या पिशवीतलं बिस्किट पण यातच टाकायचं का?" तेव्हापासून बिस्किट खोलीवर खातो. सोडलं नाही अजून, खोटं कशाला सांगू.

खापरावरची | 3 जानेवारी, दुपारी 3.20

सगळे दादा-भाऊ छान लिहिताय. दुपारची भांडी आवरून वाचत बसले. एक प्रश्न पडला, राग मानू नका.

तापीकाठ भाऊंनी कॅलेंडर वाचून पाच माणसांनी भागाकार केला. ते पाचवं माणूस, जिने हे सगळं त्या कॅलेंडरवर लिहिलं, तिने वर्षभर काय खाल्लं ते कुठे लिहिलंय?

माझं सांगते. दोंडाईचाजवळ सासर आहे, घरात सात माणसं. सकाळी सगळ्यांचा चहा-नाश्ता, माझा चहा ओट्याशी उभ्याने, पातेल्यात उरलेला. दुपारी सगळ्यांचं झालं की कालची भाकर उरलेली असते. ती कोण खाणार? फेकवत नाही. मग तीच, दुधात नाहीतर कुस्करून फोडणी देऊन. आदल्या दिवशीची भाजी असेल तर ती. ताजी भाजी रात्रीला पुरवायची म्हणून ठेवते. रात्री खिचडी, सगळ्यांनी तेल घेऊन झालं की भांड्याच्या तळाची खरपुडी माझी. ती मला आवडते, ते वेगळं. पण आवडते म्हणून खाते की उरते म्हणून आवडायला लागली, हे आता मलाही सांगता यायचं नाही.

गेल्या वर्षी मलाही चक्कर आली म्हणून तपासलं. हिमोग्लोबिन 8.4. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पालेभाजी, डाळ, गूळ-शेंगदाणे खा. घरी आले, मेथीची भाजी केली. सात जणांत वाटली. संपली.

आणि दुसरं. नवीन वर्षात पुरुष ठरवतात: आजपासून तेल कमी, आजपासून ज्वारीच. छान. भाकरी थापायची कोणी? पोळ्या सकाळी लाटून ठेवता येतात, भाकर गरमच पाहिजे असते. तुमचा संकल्प म्हणजे आमचं अर्धा तास जास्त तव्यापाशी. मला खापरावरचे मांडे येतात, उलट्या हातावर फिरवून टाकलेले, अख्ख्या भाऊबंदकीत माझं नाव आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे कौतुक करतात आणि आमरसात बुडवून खातात. मांडे करणारीला मांडा गरम कसा लागतो ते मात्र मला माहेरी गेल्यावरच आठवतं.

रक्ताचा_नमुना | 3 जानेवारी, दुपारी 3.48

ताई, 8.4 हा आकडा अंगावर काढायचा नाही. बायकांमध्ये 12च्या खाली म्हणजे रक्त कमीच. एका मेथीच्या भाजीने तो भरून निघणार नाही. गोळ्या दिल्या असतील तर डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत घ्या, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्यासोबत चालेल. परत तपासलं का?

खापरावरची | 3 जानेवारी, दुपारी 3.55

नाही तपासलं. गोळ्यांनी पोट बिघडायचं म्हणून महिन्यात सोडल्या. बघते.

रक्ताचा_नमुना | 3 जानेवारी, दुपारी 3.57

बघते नाही ताई, जा. पोट बिघडतं तर डॉक्टरीणबाई गोळी बदलून देतात, हे सांगितलं तरच कळतं त्यांना.

बडगी | 3 जानेवारी, संध्याकाळी 6.10

खापरावरची ताई, परवा वरती मी लिहिलं ना, "कळण्याच्या भाकरी करायला शेतात कोण बसणार". ते वाक्य आज परत वाचलं. आमच्या 22 जणांत एकही बाई नव्हती म्हणून पुऱ्या होत्या, आणि त्या पुऱ्यासुद्धा माझ्या वहिनीने दुपारी तळून डब्यात भरून दिल्या होत्या. तिच्यासाठी भरीत आणलं का विचाराल तर, परातीत उरलं नव्हतं.

हिंजवडीतला_जळगावकर | 3 जानेवारी, रात्री 9.30

आज आईला फोन करून पीठाचं खरं सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीत होतं. पाच किलो दोन महिन्यात एकटा माणूस कसा संपवीन?" मग भाकरी कशी थापायची ते फोनवर शिकवलं. कळण्यात उडीद असल्याने पीठ चिकट येतं, फार मळायचं नाही, पाणी लावून थापायची. पहिली भाकर खान्देशच्या नकाशासारखी झाली, सातपुड्याच्या बाजूने फाटलेली. तेल-मीठ-कांद्याबरोबर खाल्ली. तेल जरा जास्तच घेतलं, आज माफ करा.

केळीवाला_रावेर | 6 जानेवारी, सकाळी 7.15

फणी पिकली. दोन केळी मी खाल्ली, एक धाकट्याने, बाकीची बायकोने शिकरण केलं. त्यात साखर चार चमचे. आता काय बोलावं?

पांझरा_गडी | 6 जानेवारी, सकाळी 9.02

शिकरणले साखर लागसच, भाऊ. नही त पोरे खातस नही. 😄

मी पळी बदलली. खिचडीच्या तेलाला जुनी पितळी पळी होती, तिच्या जागी चहाचा चमचा ठेवला. माय दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चमच्याने तीनदा घेतलं. चालू आहे.

दादर_पेरणारा | 7 जानेवारी, रात्री 9.11

ज्यांना दादर हवी त्यांनी मार्चनंतर विचारा, आता निसवतेय. यंदा दोनाऐवजी चार पोती घरात ठेवायची असं मी बोललो. घरची म्हणाली, मग दळायला आणि थापायला तुम्ही. खापरावरच्या ताईंनी इकडेही फोन केला की काय!

तापीकाठ | 9 जानेवारी, रात्री 10.20

उशिरा लिहितोय. दुकानात स्टॉक मोजणी होती.

कचोरीचा आकडा नऊ दिवसांत 2. पहिल्यांदा विसरलो म्हणून, दुसऱ्यांदा आठवण असून.

ताईंचा प्रश्न 3 तारखेला रात्री मी घरात वाचून दाखवला. सौ. पापड भाजत होती. ऐकून घेतलं, काही बोलली नाही. मी विचारलं, तू दुपारी काय खातेस? म्हणाली, "जे असतं ते." मी म्हटलं, म्हणजे काय? तर पापड उलटवत म्हणाली, "तीस वर्षांत आज विचारताय, तर आजचं सांगते. कालची भाकर होती."

दुसऱ्या दिवशी, 4 तारखेला, नवा डबा फुटला. नव्या कॅलेंडरवर तिने 'ते.' लिहिलं. मी मुद्दाम बघायला गेलो तर त्याच चौकोनात खाली बारीक अक्षरात 'शि.' असं होतं. हे काय, तर म्हणाली, "शिळं. ज्या दिवशी मी शिळं खाल्लं, त्या दिवशी खूण. तुम्हाला वर्षाच्या शेवटी बेरजा करायला आवडतं ना."

काल 8 तारखेपर्यंत चार खुणा झाल्या होत्या. पाच दिवसांत चार. आज दुपारी जेवायला घरी गेलो, एरवी डबा दुकानावर येतो. टोपलीत कालच्या दोन भाकरी फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. मी त्या घेतल्या, दह्यात कुस्करल्या, ठेचा घातला आणि खायला बसलो. तिच्यासाठी माय गरम भाकर टाकत होती, 76व्या वर्षी, हात अजून तसाच चालतो.

सौ. समोर बसली, माझ्या ताटाकडे बघितलं आणि म्हणाली, "कुस्कऱ्यात मीठ घालायचं राहिलंय तुमचं."